रुसलेल्या मामाची खोली

मच्छिंद्रतात्यांचं तोंड त्या दिवशी फुगलेलं होतं ते दाढेमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे रामायण झालं, ते एवढी साधी गोष्ट कुणी ऐकूनच घेईना म्हणून झालं.

एकाहत्तर सालचा वैशाख होता. तात्या आणि त्यांची बायको मुक्ताबाई सकाळच्या एसटीने काष्टीहून नगरला आले, ते थेट दातांच्या डॉक्टरकडे. एक दाढ उपटायची आणि संध्याकाळच्या गाडीने घरी, असा साधा बेत. डॉक्टरने तोंडात बॅटरी मारून पाहिलं आणि दाढा दोन किडल्यात म्हणून सांगितलं. एक त्याने लगेच काढली, दुसरी उद्या सकाळी काढू म्हणाला. वर बजावलं, "दिवे लागेपर्यंत कापूस दाबून धरायचा, बोलायचं नाही. आणि उद्यापर्यंत गरम नाही, तिखट नाही, चावून खायचं तर नावच नको." तात्यांनी मान हलवली. जीभ हलवायची तर बंदीच होती.

म्हणजे रात्र नगरात काढणं आलं. आणि नगर म्हणजे काही काष्टी नव्हे, की कुणाच्याही ओसरीवर घोंगडी टाकली आणि झोपलो. इथे प्यायचं पाणीसुद्धा चहा घेतल्यावर मिळतं, असं तात्यांचं मत होतं.

"मी म्हंते, वन्संचं घर इथनं हाकंवर हाय," मुक्ताबाई म्हणाल्या.

तात्यांनी तोंडातल्या कापसासकट असा काही हुंकार दिला की मुक्ताबाईंनी पुढचं वाक्य गिळलं.

गोष्ट खरी होती. दिल्ली दरवाजाजवळ तात्यांची सख्खी धाकटी बहीण राहत होती, चांगुणा. नवरा भीमा बाजारात मापाडी, दोन खोल्यांचं नीटनेटकं घर, दारात तुळस. पण त्या दाराशी तात्या तीन वर्षांत फिरकले नव्हते. कारण भीमाच्या गावी झालेलं चांगुणाच्या मुलीचं, विजयमालाचं लग्न.

लग्नात नवरीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा. तात्यांनी त्यासाठी नवा फेटा घेतला होता. तो बांधून घेतला, तुरा पसंत पडला नाही म्हणून सोडला, पुन्हा बांधून घेतला, पुन्हा सोडला. तिकडे भटजी "मुलीच्या मामांनी मुलीला आणावं" म्हणून ओरडून दमले, मुहूर्त टळायची वेळ आली, तेव्हा कुणीतरी चुलतमामाला पुढे केलं. तात्या तुरा सावरत बाहेर आले तर अक्षता पडत होत्या. त्यांनी गाठोडं उचललं आणि ते मांडवातून चालते झाले.

आता रुसण्याची एक रीत असते. रुसणाऱ्याने बाहेर जाऊन बसायचं आणि घरच्यांनी येऊन समजूत घालायची. तात्यांनी आपल्या वाटणीचं काम चोख केलं. गावाबाहेर ओढ्यात उतरून बाभळीखाली गाठोड्यावर बसले. घरच्यांनी आपल्या वाटणीचं केलं नाही. पंगती उठल्या, ऊन उतरलं, कुणी आलं नाही. शेवटी तात्या उठले आणि उपाशी पोटी गावाला गेले. मान गेल्याचं दुःख ते केव्हाच विसरले असते. पण आपण रुसलो आणि कुणी न्यायला आलं नाही, हे माणसाने विसरायचं कसं? आता आपण होऊन त्या दारात जायचं म्हणजे तीन वर्षांचं रुसणं फुकट घालवायचं. त्यापेक्षा नगरच्या रस्त्यावर झोपू, पण तिथे जाणार नाही, असा तात्यांचा निश्चय होता.

तेव्हा लॉज शोधणं सुरू झालं. तात्या मुके, म्हणून बोलणं मुक्ताबाईंकडे आणि मागून हातवारे तात्यांकडे.

पहिल्या लॉजवरच्या बाबूने एका रात्रीचा दर सांगितला. मुक्ताबाईंनी तो दोनदा विचारून घेतला. "यवढ्यात आमच्याकडं शेळी येती," त्या म्हणाल्या, "आन ती सकाळी दूध बी देती." मागून तात्यांनी एक बोट वर केलं, मग दोन्ही हात गालाखाली धरून दाखवले, मग मुक्ताबाईंकडे बोट करून गुडघे वाकवले. बाबूला काही कळेना. मुक्ताबाईंना मात्र कळलं. "हे म्हंत्यात, ते येकलेच झोपतील, मी नुसती बसून ऱ्हाईन, म्हंजी निम्मंच भाडं घ्या." हे सांगताना त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं की तात्यांनी आपले हात खिशात घातले.

दुसऱ्या लॉजवर दर बेताचा होता आणि एक खोली शिल्लकही होती. मालक दिलावरभाई सज्जन माणूस. त्यांनी पेन उचललं, "नाव सांगा."

तात्या म्हणाले, "म्म्म्फ."

"काय?"

"म्म्फिंफ्र."

दिलावरभाईंनी मुक्ताबाईंकडे पाहिलं. "बाई, तुम्ही सांगा. यांचं नाव काय?"

मुक्ताबाईंनी पदर तोंडावर घेतला. उभ्या जन्मात त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, आणि आता एका परक्या पुरुषासमोर, लॉजच्या दारात?

"हे तुमचे कोण?"

"असं काय इचारता!" मुक्ताबाई लाजल्या.

दिलावरभाईंनी पेन खाली ठेवलं. पुरुषाला स्वतःचं नाव सांगता येत नाही, बाई सांगत नाही, वर लाजतेय. "हे बघा," ते अवघडून म्हणाले, "तुमच्या वयाकडे बघून मी काही वाईट मनात आणत नाही. पण घरून न सांगता निघून आलेल्या जोडप्यांना आम्ही खोली देत नाही. नंतर पोलिसांचा त्रास होतो."

पळून आलेलं जोडपं! तात्यांना चार नातवंडं होती. मुक्ताबाईंनी मग डोळे मिटले, जमिनीकडे मान घातली, आणि लग्नाच्या पंगतीत घ्यावा तसा उखाणा घेतला, "सांजच्या पारी नगरात गर्दी झाली फार, मच्छिंद्ररावांच्या संगं हिंडते दारोदार."

"वा, वा, वा!" दिलावरभाई खूश झाले. बाकावर बसलेल्या दोघांनी टाळ्याही वाजवल्या. पण हे लाजणं आणि उखाणा जुळवणं होईपर्यंत दिलावरभाईंच्या भावाने मागच्या दाराने आलेल्या एका व्यापाऱ्याला ती खोली देऊन टाकली होती. दिलावरभाई फार हळहळले. "लग्नाची मोठी तीथ आहे आज, अख्खं नगर भरलंय. बाजारामागच्या धर्मशाळेत विचारा," एवढं त्यांनी सांगितलं.

धर्मशाळेत गेले तर तिथे सनई वाजत होती. सगळी धर्मशाळा एका लग्नाने घेतलेली, अंगणात मांडव, गोरज मुहूर्ताची गडबड. दारातल्या माणसाने हात जोडून "जागा न्हाई हो पावणं" म्हटलं आणि तो आत पळाला. समोरच्या ओट्यावर तात्यांनी गाठोडं टाकलं आणि त्यावर ते बसले. दिवे लागले होते, म्हणून कापूस काढून टाकला. मुंडासं पुढे ओढलं, सुजलेला गाल हातावर टेकला आणि ते धर्मशाळेकडे पाठ करून बसून राहिले. मुक्ताबाई शेजारी पाय चोळत बसल्या.

आता तुम्हीच सांगा. लग्नघराच्या समोर, गाठोड्यावर, पाठ फिरवून, गाल फुगवून बसलेला माणूस कोण असतो?

आतमध्ये तसाच एक माणूस हरवला होता. नवरदेवाचा मामा कानिफनाथ, तिसगावचा. त्याला बैठकीला बोलावलं नव्हतं ती एक गोष्ट, आणि आता माडीवरची खोली त्याच्याऐवजी नवरदेवाच्या आत्याच्या नवऱ्याला दिली ही दुसरी. दुपारीच तो उठून गेला होता. मामा पाठीशी उभा राहिल्याशिवाय आमचा मुलगा बोहल्यावर चढणार नाही, असं वरपक्षाने सांगून टाकलं आणि ते स्वस्थ बसले, कारण अशा वेळी समजूत घालायला जायचं ते मुलीच्या बापाने. मुलीचा बाप छगन. त्याने मामाला जन्मात पाहिलं नव्हतं. तो हातात जिलबीचं ताट घेऊन बाहेर आला, मागे त्याची थोरली बहीण बनुबाई, आणि दोघांनी ओट्यावरचे तात्या पाहिले.

"मामा," छगन कळवळून म्हणाला, "चुकलं आमचं."

तात्यांनी मान वळवली. "कोन मामा? म्या न्हाई तुमचा मामा."

"असं तोडून बोलू नका, मामा."

"आवं, म्या तुमचा कोनी लागत न्हाई! माझा तुमच्या लग्नाशी काय संबंध?"

छगनने बहिणीकडे पाहिलं. "आक्का, लई लागलंय गं त्यांच्या जिवाला."

"लागनारच," बनुबाई म्हणाल्या. "सख्खा मामा हाय." आणि मुक्ताबाईंचा हात धरून म्हणाल्या, "मामी, तुमी तरी सांगा वं त्यास्नी."

मुक्ताबाई दिवसभर चालून अशा थकल्या होत्या की कुणी त्यांना महाराणी म्हटलं असतं तरी त्यांनी हो म्हटलं असतं. त्या म्हणाल्या, "माझं ऐकत्यात व्हय ते? आदी वाईच पानी द्या." लगेच पाण्याचा तांब्या आला, पाठोपाठ चहा आला.

तात्या सरळ माणूस. त्यांनी पुन्हा खरं तेच सांगितलं. "हे बगा, मला तुमचा मानपान काय नगं. रातीपुरती पडायला जागा मिळाली आसती तर म्या हितं बसलोच नसतो."

"तेच तर चुकलं!" छगनने कपाळावर हात मारला. "माडीवरची खोली तुमचीच हुती. आत्ता रिकामी केली, मामा. पलंग हाय, नवी गादी हाय. चला." आणि त्याने जिलबी तात्यांच्या तोंडाशी नेली. "तोंड ग्वाड करा."

तात्यांनी ओठ घट्ट मिटले आणि जोरात मान हलवली. साखरेचा पाक त्या भोकात गेला असता तर ते ओट्यावरून उडालेच असते.

"बरं, जिलबी ऱ्हाऊ द्या. गरम दूध?"

तात्यांनी मान हलवली.

"इडा तरी घ्या, मामा. सुपारी बारीक कातरून देते," बनुबाई म्हणाल्या. सुपारीचं नाव ऐकून तात्यांचा चेहरा इतका वेडावाकडा झाला की बनुबाई दोन पावलं मागे सरल्या. अन्न नाही, दूध नाही, विडा नाही. एवढा कडकडीत रुसलेला माणूस त्यांच्या खानदानात कुणी पाहिला नव्हता. मांडवात कुजबुज सुरू झाली. मग मान वाढत गेला. टॉवेल-टोपीऐवजी फेटा देऊ, नुसता फेटा नाही, पूर्ण पोशाख देऊ, मामींना लुगडं देऊ. लुगड्याशी मुक्ताबाईंनी चहाची बशी खाली ठेवली आणि नवऱ्याकडे आशेने पाहिलं.

"दाढ!" तात्या ओरडले. "माझी दाढ काढलीया!"

"मामा, हजार दाढा वरून ओवाळून टाकतो," छगन म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आत सनई थांबली होती, भटजी दारात येऊन आभाळाकडे बघत होते. छगनने डोक्यावरचा फेटा उतरवला आणि तो तात्यांच्या पायांवर ठेवला. "माझी लेक हळद लावून बसलीया, मामा. तिचं तोंड बगा आन चला."

पायांवरच्या त्या फेट्याकडे तात्यांना बघवेना. असंच कुणीतरी यावं म्हणून ते एक अख्खी दुपार ओढ्यात बसले होते. असाच हात धरावा, असंच "चुकलं" म्हणावं. आज ते सगळं आलं होतं, पलंगासकट आणि लुगड्यासकट, पण ते त्यांचं नव्हतं. ते दुसऱ्याच कुणाचं होतं, आणि तो दुसरा बापडा या क्षणी कुठेतरी गाठोड्यावर बसून वाट बघत असणार. त्याला न्यायला कुणीच जाणार नाही, कारण त्याची समजूत इकडे तात्यांची घालून झालीय.

त्यांनी फेटा उचलून छगनच्या डोक्यावर ठेवला. "पावणं, आता माझं नीट ऐका. म्या काष्टीचा मच्छिंद्र. तुमचा मामा न्हवं. पर तुमचा मामा मी आनून देतो."

"तुमास्नी काय म्हाईत तो तिसगावचा मामा कुटं हाय?"

"मला न्हाई तर कुनाला म्हाईत आसनार!" तात्या म्हणाले आणि उठले.

रुसलेला माणूस कुठे बसतो, हे तात्यांना आता बरोबर कळत होतं. फार जवळ बसला तर लाचार दिसतो, फार लांब बसला तर सापडत नाही. सनई ऐकू आली पाहिजे, येणारं माणूस लांबून दिसलं पाहिजे, आणि आपण तिकडे बघतच नाही असं वाटलं पाहिजे. तात्या धर्मशाळेला वळसा घालून मागे गेले. तिथे पाण्याच्या हौदाआड एक माणूस ट्रंकेवर बसला होता. पाठ धर्मशाळेकडे, डोळ्याचा कोपरा मात्र वाटेवर.

तात्या त्याच्या शेजारी टेकले. "तिसगाव का?"

"आमी कोनी न्हाई," कानिफनाथ म्हणाला. "आमचा काय संबंध?"

"बराबर हाय," तात्या म्हणाले. "समोरनं कोनी येतंय का बगताय न्हवं? कोनी येनार न्हाई. तुमची समजूत घालून झाली."

"आँ? कुनाची?"

"माझी." आणि तात्यांनी त्याला सगळं सांगितलं, अगदी जिलबी, पलंग आणि लुगड्यासकट. कानिफनाथ ऐकता ऐकता उभाच राहिला. आपल्या वाटचा मान परस्पर दुसऱ्याला मिळतोय म्हटल्यावर कुठला मामा बसून राहील? ट्रंक उचलून तो असा निघाला की तात्यांना मागून पळावं लागलं.

सनई पुन्हा सुरू झाली. मामा पाठीशी उभा राहिला, अक्षता पडल्या, आणि पोरीचं लग्न वेळेत लागलं. छगन तात्यांना सोडायला तयार होईना. कानिफनाथ तर म्हणाला, "माडीवरच्या खोलीत दोन पलंग हायेत, पावणं. येक तुमचा." फुकटची खोली, नवी गादी, खिडकीतून वारा. नगरासारख्या शहरात, लग्नाच्या तिथीला, याहून स्वस्त आणि चांगली जागा सापडणं शक्य नव्हतं. बनुबाईंनी मुक्ताबाईंना बायकांच्या खोलीत नेलं होतं आणि त्या आडव्याही झाल्या होत्या.

तात्या पलंगाच्या काठावर थोडा वेळ बसले. मग खाली येऊन त्यांनी मुक्ताबाईंना हाक मारली. "ऊठ. चल."

"आता कुटं?"

"हाकंवर."

एरवी मुक्ताबाईंनी असं उठवल्याबद्दल चार शब्द ऐकवले असते. त्या दिवशी त्यांनी नुसता पदर सारखा केला आणि त्या पुढे चालू लागल्या.

दिल्ली दरवाजाजवळच्या घरात कंदील दिसत होता. तात्यांनी कडी वाजवली.

"कोन हाय?" आतून चांगुणा.

"मी. मच्छिंद्र."

बराच वेळ कडी निघाली नाही. मग दार उघडलं आणि चांगुणा उंबऱ्यात आडवी उभी राहिली. तिने तोंड दुसरीकडे वळवलं होतं. "चुकून आलासा जनू. हितं तुमचं कोनी न्हाई. मी तुमची कोन लागती?"

तासाभरापूर्वी हे कानांवर पडलं असतं तर तात्या तिथूनच माघारी वळले असते. पण आता त्यांना बरोबर कळलं की हे बोलणं कुणाचं असतं. म्हणजे तीन वर्षं हीसुद्धा बसली होती, आपल्याकडे पाठ करून, वाट बघत. समजूत घालायला कुणी आलं नाही म्हणून ते जिच्यावर रागावले होते, तिच्याकडे तरी कोण गेलं होतं? तात्यांनी मुंडासं उतरवलं आणि उंबऱ्यावर ठेवलं. "चुकलं माझं, चांगुणा."

"अगं बया!" चांगुणाने झडप घालून ते उचललं. "थोरल्या भावानं असं करत्यात व्हय? मला पाप लावताय का?" आणि मग तिचा बांध फुटला. "आवं, तुमचं दाजी तवा फेटा घिऊन पार मारुतीच्या देवळापतूर गेल्तं, हिरीवर बगितलं, यस्टीच्या थांब्यावर बगितलं. तुमी वड्यात बसलावता ह्ये मागनं कळलं, मग घावनार कसं? पंगतीत म्या येक घास खाल्ला न्हाई त्या दिशी."

आतून भीमादाजी आले, त्यांनी तात्यांच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि ते आत नेऊन ठेवलं.

चांगुणाने डोळे पुसत चूल पेटवली. बाजरीची भाकरी थापली, तव्यावरून थेट ताटात टाकली, शेजारी लसणाचा लालभडक ठेचा ठेवला. भावाला लहानपणापासून आवडायचा तसा, कडक पापुद्र्याची भाकरी आणि झणझणीत ठेचा. ताट पुढे आलं आणि तात्यांचा हात आपोआप गालाकडे गेला. त्यांनी मान हलवली.

चांगुणाचा चेहरा पडला. "जेवनार न्हाई? म्हंजी अजून राग हायच."

"अवो वन्सं, त्यांची..." मुक्ताबाईंनी तोंड उघडलं, पण तात्यांनी डोळे वटारून त्यांना गप्प केलं. धर्मशाळेत अख्ख्या गावाला ओरडून सांगितलेली दाढ इथे मात्र त्यांनी गिळून टाकली.

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि चावला. पहिल्या घासाला डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसऱ्या घासाला डोळे भरून आले आणि पाणी गालांवरून वाहू लागलं.

"दादा, रडू नका वं," चांगुणा पदराने त्यांचे डोळे पुसत म्हणाली, आणि स्वतःच हुंदके देऊ लागली. "झालं गेलं गंगंला मिळालं."

तात्यांनी ते पाणी दाढेचं आहे असं तिला सांगितलं नाही. सगळंच काही दाढेचं नव्हतंही. त्यांनी तोंडातला घास दुसऱ्या बाजूला सारला, ताट पुढे केलं आणि आणखी एक चतकोर मागितली.